राहून गेलेली कविता

शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. पासपोर्टच्या कागदांत माझं जन्मगाव एके ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी भलतंच लागलं होतं. म्हणून मेहरूणहून रिक्षा करून जळगावच्या स्टँडवर आले आणि सकाळची धुळ्याची एसटी धरली. शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कने माझं साल ऐकलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, फार जुनं रजिस्टर आहे. वरच्या खोलीतून काढावं लागेल. तासभर बसा."

मे महिना होता. शाळा रिकामी, आवारात पाखरंसुद्धा नव्हती. मी बसले नाही. व्हरांड्यातून चालत गेले आणि शेवटून दुसऱ्या वर्गापाशी थांबले. दाराला कडी नुसती अडकवलेली होती. आत गेले, आणि तापलेल्या लाकडाचा, खडूच्या भुकटीचा आणि कौलांखालच्या धुळीचा तो वास आला. बाकं बदललेली, पंखे नवे, फळा हिरवा झालेला. वास मात्र तोच. आमची दहावी 'ब' इथे भरायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. शाळेच्या मागे थोड्या अंतरावर जिनिंगचा कारखाना होता. दिवाळीनंतर कपाशी यायला लागली की तिथून कापसाचे बारीक तंतू उडत यायचे आणि खिडकीच्या जाळीला पांढरी लव धरायची. आमच्या वेण्यांवरही ती बसायची. मधल्या सुट्टीत डबे उघडले की दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याच्या चटणीचा लसणी वास वर्गभर पसरायचा, आणि सुट्टी संपल्यावरही जायचा नाही. तसल्या त्या लसणाच्या वासात आम्ही उपमा शिकलो, उत्प्रेक्षा शिकलो, भुजंगप्रयात शिकलो.

शिकवायला पिंजारी सर होते. पांढरा सदरा, काळ्या काड्यांचा चष्मा, खिशाला कायम खडूचा डाग. त्यांचे वडील गावोगाव फिरून लोकांच्या ओट्यांवर गाद्यांचा कापूस पिंजायचे. सर लहानपणी त्यांच्याबरोबर असायचे. "वडील कापूस पिंजायचे आणि मी त्या घरातली पुस्तकं वाचायचो," असं त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यात लाज नव्हती आणि मिरवणंही नव्हतं. लघु-गुरू शिकवताना ते टेबलावर बोटांची पेरं वाजवायचे. एक हलकी थाप, दोन जड. लगागा, लगागा, लगागा, लगागा. पिंजायच्या धनुष्याचा ताल असाच असतो, म्हणायचे. मग अख्खा वर्ग बाकांवर थापा द्यायचा आणि शेजारच्या 'अ'च्या बाई दारात येऊन उभ्या राहायच्या.

मी त्या वर्गातली हुशार मुलगी होते. हे मी आज संकोच न करता लिहिते, कारण तेव्हाही मला संकोच नव्हता. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, साम्य दाखवणारा शब्द कुठे आहे, हे मी ओळ संपायच्या आत सांगायचे. व्यतिरेक आणि अपन्हुती यांत भल्याभल्यांचा गोंधळ व्हायचा, माझा कधी झाला नाही. घरी आई कुणाला म्हणाली, "हिच्यासारखी हीच," की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अनन्वय." कवितेकडे मी कुलूप म्हणून बघायचे आणि माझ्याकडे सगळ्या किल्ल्यांचा जुडगा होता.

माझ्या बाकावर खिडकीच्या बाजूला शोभा बसायची. नदीपलीकडच्या एका खेड्यातून पायी यायची. हिवाळ्यात तिच्या पोलक्याला धुराचा आणि ओल्या गवताचा वास असायचा. ती जवळजवळ बोलायचीच नाही. बोलायला गेली की तोंडातून अहिराणी निघायची आणि पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून बघायच्या, म्हणून तिने गप्प राहणं पत्करलं होतं. तिचे वडील काय करतात, हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "शेतात जातात." आणि वहीत डोकं घातलं. तिच्या तळहातांना बारीक चरे होते. मी ते रोज बघायचे, पण त्याबद्दल कधी विचारलं नाही.

सरांची एक लहान मुलगी होती, नसीम. शनिवारी सकाळची शाळा असली की सर तिला सायकलच्या दांडीवर बसवून आणायचे. ती पहिल्या बाकाच्या टोकाला बसायची, पाटीवर मोठमोठे 'ल' आणि 'गा' काढायची आणि तास संपला की आमच्यापैकी कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायची. आम्ही नववीत असताना दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आलो, तेव्हा नसीम या जगात नव्हती. ताप आला होता, एवढंच कळलं. त्यापुढचं आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. सर पंधरा दिवसांनी वर्गावर आले आणि जिथे धडा थांबला होता तिथून पुढे शिकवायला लागले.

दहावीच्या त्या वर्षी नव्याने आलेल्या पुस्तकात एक लहानशी कविता होती. कवीचं नाव आता आठवत नाही, पण कविता आठवते. चार कडवी. पहिल्यात बाप आपल्या मुलीसाठी अंगणातल्या झाडाला झोका बांधतो. दुसऱ्यात मुलगी इतका उंच झोका घेते की तिचे पाय पानांना लागतात. तिसऱ्यात तिचा झगा घडी घालून पेटीत ठेवलेला आहे. तिचं काय झालं हे कवी सांगत नाही. चौथ्यात बाप झाडाचा जुना दोर काढून नवा दोर बांधतो. बस. झाडाचं नावसुद्धा नव्हतं. आम्ही सगळ्या लिंब धरून चाललो होतो, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे झोके लिंबालाच बांधतात.

नोव्हेंबरमध्ये ती कविता यायची होती. सरांनी आदल्या कवितेचं शेवटचं कडवं संपवलं, पानं उलटली आणि म्हणाले, "पान त्रेसष्ट काढा." कविता एकसष्टवर होती. आम्हाला वाटलं, नंतर घेतील. डिसेंबर गेला. जानेवारीत हरभरा सोलून खायचे दिवस आले, सराव परीक्षेचं वेळापत्रक लागलं, आणि ती कविता तशीच राहिली.

रसग्रहणाचा प्रश्न पाच गुणांचा असायचा. मला ते गुण सोडायचे नव्हते. मी शिक्षकांच्या खोलीत गेले. सर वह्या तपासत होते.

"सर, एकसष्ट पानावरची कविता राहिली आहे."

त्यांनी वर बघितलं नाही. "ती तुम्ही घरी वाचा. सोपी आहे."

"पण बोर्डात आली तर?"

"तर जे वाटेल ते लिहा," ते म्हणाले, आणि लाल पेनाने एका वहीवर खूण केली. मी उभीच होते. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "जा आता."

मला समजायला हवं होतं. मी काय केलं, तर घरी जाऊन बाबांना सांगितलं की सर अभ्यासक्रम पूर्ण करत नाहीत. बाबांनी मुख्याध्यापिकांची भेट घेतली. दोन दिवसांनी मुख्याध्यापिका वर्गात आल्या आणि सरांच्या समोरच आम्हाला म्हणाल्या, "तुमची एक कविता राहिली आहे असं पालकांकडून कळलं. उद्या 'अ'च्या बाई येऊन ती घेतील."

सर टेबलाजवळ उभे होते. त्यांनी फक्त खडूचा तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. शोभाने माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. एवढ्या मुलींमध्ये फक्त तिला कळलं होतं की ते पालक कोण. आणि कविता का राहिली, हे त्या वर्गात न कळलेली एकटी मीच होते. मला कळलं ते त्या क्षणी, तिच्या डोळ्यांतून.

मी उठून उभी राहिले. "बाई, दुसरं कुणी नको. आम्हीच शिकवतो ती कविता."

"तुम्ही म्हणजे कोण?"

"मी."

मुख्याध्यापिकांनी सरांकडे बघितलं. सरांनी खडू टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "शिकवू दे. मी मागे बसतो."

त्या संध्याकाळी मी बाजारातून आणलेलं गाईड उघडलं आणि कविता समोर ठेवली. अलंकार शोधायला बसले. उपमा नव्हती. रूपक नव्हतं. चेतनगुणोक्ती म्हणावी तर झाड झाडासारखं होतं आणि दोर दोरासारखा. यमकसुद्धा नव्हतं. माझ्या जुडग्यातली एकही किल्ली लागेना. गाईडमध्ये लिहिलं होतं की पित्याला मुलीचा मृत्यू मान्य नाही, त्याचं मन भ्रमिष्ट झालं आहे, म्हणून तो रिकाम्या झोक्याला नवा दोर बांधतो, आणि कवितेत करुण रस आहे. मी ते पाठ केलं. दुसरं काही सुचलं नाही.

सकाळी तिसरा तास. सर शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकावर ते फार मोठे दिसत होते, गुडघे बाहेर आलेले. मी फळ्यावर तारीख लिहिली, कवितेचं नाव लिहिलं आणि कविता मोठ्याने वाचली. तिसऱ्या कडव्याला माझा आवाज उतरला, पण मी थांबले नाही. पहिल्या दोन कडव्यांचा अर्थ नीट सांगितला. बापाच्या हातांचं, मुलीच्या पायांचं, उंच जाण्याच्या आनंदाचं सांगितलं. मुली लिहून घेत होत्या. मला जमत होतं.

मग चौथं कडवं आलं.

"इथे पित्याच्या मनाची," मी म्हणाले आणि पुढचा शब्द तोंडात आला. भ्रमिष्ट. शेवटच्या बाकावर सर हातांची घडी घालून माझ्याकडे बघत होते. तो शब्द त्या माणसासमोर उच्चारायचा होता. मला तो उच्चारता येईना, आणि दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता. मी फळ्याकडे तोंड फिरवलं. खडू हातात धरून नुसती उभी राहिले. जिनिंगच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"मी सांगू?"

शोभाचा आवाज होता. वर्षभरात ती पहिल्यांदा आपण होऊन उभी राहिली होती. पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळल्या.

"सांग," मी म्हणाले.

तिने पुस्तक दोन्ही हातांत धरलं होतं. "इथं लिहिलंय, फांदीपाशी झिजलेला दोर बापाने काढला. झिजलेला." ती अडखळली. पुस्तकी भाषा तिला पुरेना. मग तिने ती सोडून दिली. "दोर नुसता टांगेल ऱ्हायना ते त्याले काही व्हत नही. झोका घेतला तेच तो फांदीवर घासास. मंग झिजस."

"पावसात कुजला असेल," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"कुजेल दोर कुठेबी तुटस," शोभा म्हणाली. आता ती अडखळत नव्हती. "फांदीपाशी झिजेल दोर म्हंजे रोज कोनी तरी झोका खास. माले माहीत शे. मना बाप दोर वळस. लोके जुना दोर लई येतस, नवा लई जातस. जुना देखीसन तो सांगस, हाऊ विहिरना शे, हाऊ गायना, हाऊ झोकाना."

वर्गात कुणी हसलं नाही. तिने पुस्तक बाकावर ठेवलं आणि तळहात त्यावर उघडे ठेवले. ते चरे मला तेव्हा कळले.

"म्हंजे पोर गयी, पन झोका रिकामा नही," ती म्हणाली. "गल्लीना बठ्ठा पोरे येतस. तो बाप याडा नही. पोरेस्नी पडाले नको म्हनीसन तो नवा दोर बांधस."

ती खाली बसली. मी अजून खडू धरून उभी होते. मागच्या बाकावरून सरांचा आवाज आला. "ती ओळ पुन्हा वाच."

मी वाचली.

"आणखी एकदा."

पुन्हा वाचली. सर उठले. दोन रांगांच्या मधून चालत पुढे आले, माझ्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला: 'झिजलेला'. त्याच्याखाली रेघ ओढली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मी तिसऱ्या कडव्याच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. जून महिन्यापासून पुस्तक माझ्याकडे आहे." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला. "शोभा, या कवितेत अलंकार कोणता?"

"नही शे, सर."

"बरोबर. एकही नाही. कवीला लागलाच नाही." आणि घंटा होईपर्यंत त्यांनी ती कविता शिकवली. पहिल्या ओळीपासून. पाय पानांना लागतात तिथे ते थोडे हसले. पेटीतल्या झग्यापाशी थांबले, आणि आम्ही सगळ्या थांबलो. मग पुढे गेले. पुढेही अनेकांनी मला अनेक कविता शिकवल्या. पण त्या तासाला जे ऐकलं ते तसं पुन्हा ऐकायला मिळालं नाही.

तास संपल्यावर मी त्यांच्यामागे व्हरांड्यात गेले. "सर, बाबांना मी सांगितलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस."

मी त्यावर बराच काळ विचार करत राहिले, ते खरंच बरं झालं म्हणाले की मला सोडवायला म्हणाले. आता त्याचा निकाल लावायची गरज वाटत नाही.

बोर्डात ती कविता आलीच नाही. दुसरीच आली, अलंकारांनी भरलेली, आणि मी पानभर लिहिलं. मला अपेक्षेइतके गुण मिळाले. शोभाही पास झाली. पुढे ती नर्सिंगला गेली आणि सरकारी दवाखान्यात लागली, पण ते नंतरचं. त्या सुट्टीत तर तिच्या पुढच्या शिक्षणाचं काही ठरलं नव्हतं. ती वडिलांच्या हाताखाली काम करत होती आणि मी अकरावीच्या फॉर्मसाठी फिरत होते. त्या तासाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला आतून एक भीती होती की तिने त्या दिवशी सरांसाठी काहीतरी देऊन टाकलं, जे तिला द्यायचं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे द्यावं लागलं.

पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण मीना दहावी 'ब'त आली. एका रविवारी मी तिची मराठीची वही सहज उघडली. सर यंदा ती कविता नोव्हेंबरातच शिकवून मोकळे झाले होते. त्यांनी सांगून लिहून घेतलेलं रसग्रहण मीनाच्या गोल अक्षरात होतं. मी ते वाचलं, वही पिशवीत घातली आणि मीनाला न विचारता शोभाच्या गावाला निघाले.

पांझरा नदीला घोट्याएवढं पाणी होतं. चपला हातात घेऊन उतरले. शोभाच्या अंगणात दोरासाठी सोललेला अंबाडीचा वाख वाळत घातलेला होता आणि त्याचा उग्र, हिरवट वास लांबूनच येत होता. अंगणाच्या एका टोकाला तिचे वडील दोराला पीळ देत उभे होते, दुसऱ्या टोकाला शोभा दोर ताणून धरून मागे सरकत होती. मला बघून तिने हात सोडला नाही. पीळ पूर्ण होईपर्यंत मी कडेला उभी राहिले. मग तिने हात पुसले आणि मी तिच्यासमोर वही उघडून धरली.

तिने मनात वाचायला सुरुवात केली. तिचे ओठ हलत होते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि एवढी घाबरलेली मी कुठल्या परीक्षेत नव्हते.

"काय लिखेल शे?" तिच्या वडिलांनी विचारलं.

शोभा सरळ उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशी. आणि मोठ्याने वाचलं, "झिजलेला या शब्दावरून झोका वापरात आहे हे कळते. पित्याने दुःख सांभाळले, पण झोका मुलांसाठी मोकळा ठेवला. कवितेचा हा अर्थ मागील वर्षीच्या दहावी ब मधील विद्यार्थिनी शोभा हिने सांगितला. तिचे वडील दोर वळतात. ज्याला दोर कळतो, त्यालाच ही कविता कळते."

तिच्या वडिलांनी वहीकडे बघितलं, पण हात लावला नाही. हातांना वाखाचा चीक होता.

"मनं नाव शे का तठे?"

"तुम्हनं नाव नही, आबा," शोभा म्हणाली. "काम शे."

"कितला पोरेस्नी लिखेल शे हाई?"

तिने माझ्याकडे बघितलं. "अख्ख्या वर्गाने," मी म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीचा वर्गही लिहील."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले, एकेक बोट करून. मग ओट्याच्या कडेला येऊन बसले, पंचा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आखो एकदाव वाच. हळू वाच."